आत्याच्या दाराचं कुलूप

शाळेच्या कपाटाची चावी तिसऱ्यांदा हरवली आणि तिसऱ्यांदा आम्ही दगडानं कुलूप फोडलं, तेव्हा माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं मुलांना गणित शिकवतेय आणि एक कुलूप मला उघडता येऊ नये? घरी येऊन मोबाईलवर शोधलं, तर बिनचावीनं कुलूप उघडायच्या सळ्यांचे सेटच्या सेट विकायला.

एकात पाचच सळ्या होत्या. खाली कुणीतरी लिहिलं होतं, नवशिक्यानं एवढ्याच घ्याव्यात, पोलाद मात्र चांगलं बघावं. दुसऱ्यात चोवीस सळ्या, काळं पाकीट आणि वर आतलं सगळं दिसणारं प्लॅस्टिकचं कुलूप फुकट. मी कुठला घेतला हे सांगायला नकोच. फुकट म्हटलं की माझा हात आवरत नाही.

"चोवीस कशाला गं? दरोडा घालायचाय का?" नवरा म्हणाला.

"तुमच्या कपाटापासनं सुरुवात करते," मी म्हटलं.

पार्सल आलं त्या दिवशी ते प्लॅस्टिकचं कुलूप मी चहा गार व्हायच्या आत उघडलं. मग प्रवासाच्या बॅगेचं चिमुकलं कुलूप उघडलं. झालं, बाई हवेत!

आता शेजारच्या आत्याबद्दल सांगायला हवं, कारण पाप तिथं घडलं. लोणी गावात आमची सगळी आळी तिला आत्याच म्हणते. दिवाळी झाली की ती आणि तिचा मालक मेंढरं घेऊन कोकणात उतरतात, ते पाऊस तोंडावर आला की परततात. तोवर घराला कुलूप आणि चावी माझ्याकडं. दर रविवारी दार उघडून देव्हाऱ्यातल्या खंडोबापुढं दिवा लावायचा, एवढंच माझं काम. "ऐतवार चुकवू नगं, पोरी," असं दर वर्षी जाताना बजावते. "दिवा जळतोय म्हनलं की आमी तिकडं निवांत."

त्या रविवारी मी तेलाची वाटी घेऊन निघाले. चावी कमरेला होतीच. म्हणजे अडचण काही नव्हती, नुसती खाज होती. म्हटलं, आज बिनचावीचं उघडून बघू. मोठं पितळी कुलूप, वर कोरलेलं 'सात लिव्हर'. माझ्या सळ्या होत्या आत पिना असलेल्या कुलपांसाठी. आपल्याकडं दारांवर लटकतात ती बरीचशी लिव्हरची, त्यांचं आतलं तंत्रच वेगळं. पण हे शहाणपण मला नंतर आलं. तेव्हा मी नुसता जोर लावला. कटकन आवाज आला आणि सळीचं टोक आतच राहिलं. चावी घालून बघितली, तर अर्धीसुद्धा जाईना. चिमटा, सुई, दिव्याचं तेल, सगळं करून झालं. शेवटी तशीच घरी आले.

सरळ नवऱ्याला सांगायचं, कुलूप कापायचं, अर्ध्या तासाचं काम. पण मग त्याचं हसणं आलं, आणि 'बाई शेजारणीचं कुलूप फोडतायत' ही बोंब गावभर. उद्या बघू, उद्या बघू म्हणत आठवडा गेला. लिहितानाही लाज वाटते, पण असे तीन रविवार गेले.

चौथ्या रविवारी दुपारी आत्याचा फोन आला.

"पोरी, काल बिबट्या आला व्हता गं. येकच कोकरू गेलं बघ. तू दिवा लावती ना?"

"लावते की, आत्या." जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

"म्हनूनच येकावर भागलं."

फोन ठेवला आणि पुढ्यातली भाकरी तशीच झाकून ठेवली. कोकरू माझ्यामुळं गेलं असं मी मानत नाही. पण ती मानते, आणि तिच्या मानण्याशी मी खोटं बोलले होते.

त्याच दुपारी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो हसला नाही, ते जास्त लागलं. त्यानं करवतीच्या पात्यानं कुलूप कापलं, मंचरहून दोन चाव्यांचं नवं आणलं. मी आत जाऊन दिवा लावला, देवापुढं नाक घासलं. पुढचा एकही रविवार चुकवला नाही. पण चुकवले ते चुकवलेच.

पावसाच्या तोंडावर आत्या आली ती माझ्यासाठी कोकमांची पिशवी घेऊनच. "तुझ्या दिव्यानं सुखरूप आलो बाय," म्हणत तिनं माझ्या तोंडावरनं हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. ते मला सोसलं नाही. सळ्या, कुलूप, तीन रविवार, फोनवरचं खोटं, सगळं एका दमात ओकून टाकलं.

वाटलं, आता शिव्या घालेल. मला त्या हव्याच होत्या. ती पिशवी खाली ठेवून उंबऱ्यावर बसली.

"कुलपाचं काय न्हाई," ती म्हणाली. "मोडलं तर मोडलं. पर फोनवर सांगायचं व्हतंस गं. मी तितं रानात लावला असता. देवाला काय, रान बी चालतं. तू लावती म्हनून मी लावलाच न्हाई."

मी नव्या कुलपाची एक चावी तिच्या हातावर ठेवली. तिनं हात तसाच पुढं ठेवला.

"दुसरी बी दे, पोरी."