बर्फापलीकडची ताई

ध्रुवावरच्या संशोधन तळाचं बोलणं ज्या कचेरीतून चालायचं, तिथे ती दुभाषी होती. जिन्यालगतची अरुंद खोली, एक टेबल, दोन फोन. नवरा बस चालवायचा. तो सगळ्यांना सांगे, बायको दिवसभर परक्यांशी गोड बोलते, घरी पोचेपर्यंत गोडवा संपलेला असतो.

ध्रुवावर त्यांच्या देशाच्या तळाशेजारी दुसऱ्या देशाचा तळ होता. हवामानाची, बर्फाच्या जाडीची मोजमापं दोन्ही तळ वाटून घ्यायचे. यांचा जनरेटर बंद पडला की सुटे भाग तिकडून यायचे, आणि तिकडचा डॉक्टर यांचे दात काढून द्यायचा. तळावरच्या माणसांना एकमेकांची भाषा येत नसे, म्हणून सगळा व्यवहार दोन देशांतल्या दोन कचेऱ्यांमधून व्हायचा. पलीकडच्या कचेरीतही एक दुभाषी बाईच होती. हिने तिला कधी पाहिलं नव्हतं. आवाजावरून वयाने मोठी वाटली म्हणून एकदा ताई म्हणाली, अर्थ समजावला, आणि तेव्हापासून तिकडून 'धाकटी' अशी हाक येऊ लागली.

मग दोन्ही सरकारांचं समुद्राच्या हद्दीवरून बिनसलं. लेखी परवानगीशिवाय पलीकडे एक शब्दही बोलायचा नाही, असा हुकूम आला. सकाळचा फोन मुका झाला.

हिवाळ्याच्या तोंडावर तळावरून निरोप आला. बर्फगाडी घेऊन गेलेला मेकॅनिक आणि एक संशोधक वादळात अडकले होते. गाडीचं इंजिन बंद, आतला हीटर बंद. जिथे ते होते, तिथून शेजारचा तळ जवळ होता, स्वतःचा फार लांब.

कचेरीच्या साहेबांनी वर परवानगी मागितली. वरचे लोक बैठकीत होते. तासाभराने पुन्हा विचारलं, बैठक चालूच होती. मेकॅनिकची बायको येऊन बाहेरच्या बाकावर बसली. ती रडत नव्हती, काही विचारतही नव्हती; कोणी दार उघडलं की फक्त मान वर करून बघायची. दुभाषीला ते बघणं सोसवेना.

ती साहेबांपुढे जाऊन उभी राहिली. साहेबांनी तिच्याकडे न बघता डबा उचलला.

"मी जेवायला जातोय," ते म्हणाले. "आज जरा वेळ लागेल."

ते गेले. तिने पलीकडच्या कचेरीला फोन लावायला घेतला. दोनदा आकडा चुकला. तिसऱ्यांदा घंटा वाजली आणि ताईचा आवाज आला.

"ताई, आमची दोन माणसं बर्फात आहेत."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला.

"जागा सांग," ताई हळूच म्हणाली. "आणि ऐक धाकटे, तू फोन केला नाहीस, मी घेतला नाही."

संध्याकाळी वादळ जरा ओसरलं आणि पलीकडच्या तळाची गाडी दोघांपर्यंत पोचली. संशोधक धड होता. मेकॅनिकची उजव्या हाताची दोन बोटं गेली. बाकावरच्या बाईला हे सांगितलं तेव्हा तिने दुभाषीचे दोन्ही हात धरले, ते सोडेचना.

चौकशी झालीच. फोन कोणाच्या परवानगीने केला, असं विचारलं गेलं. शेजारच्या खुर्चीत साहेब चष्मा पुसत होते. पुसून झालेला चष्मा त्यांनी पुन्हा पुसायला घेतला.

"कोणाच्याच नाही," ती म्हणाली.

तिला तळघरातल्या जुन्या फायलींच्या खोलीत टाकलं. साहेब त्यानंतर जिन्यात भेटले की घाईत असायचे. घरी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं.

"माणसं जिवंत आहेत ना?" तो म्हणाला. "मग बाकीचं बघू."

पुढच्या उन्हाळ्यात सरकारांचं जमलं. मोजमापं पुन्हा वाटून घ्यायची ठरली. मधल्या महिन्यांची अर्धी इकडे, अर्धी तिकडे, कोणाच्याच कामाची उरली नव्हती. ती भाषा जाणणारं दुसरं कोणी मिळेना, तेव्हा तिला तळघरातून वर बोलावलं.

सकाळी फोन वाजला. पलीकडे एका तरुणाचा आवाज होता.

"आधीच्या बाई कुठे आहेत?" तिने विचारलं.

"त्या आता इथे नसतात," तो म्हणाला, आणि घाईघाईने वाऱ्याचा वेग सांगू लागला.

तिने तो लिहून घेतला. पुढचा आकडा मात्र तिला पुन्हा विचारावा लागला.