हलू-नका बाईंची रेकॉर्ड

अगं बये,

पत्र पोचलं. नव्या घरात ऊन चांगलं येतं असं तू दोनदा लिहिलंयस, म्हणजे तुला तिथे करमत नाहीये. तुमच्या त्या नाटकाची हकिगत मी लिहून काढावी असं तुझा भाऊ म्हणाला, तर तू म्हणे ‘माझ्यात लिहिण्यासारखं काय आहे’ म्हणून उडवून लावलंस. ते ठरवणारी तू कोण? मात्र ‘तू, तू’ करत लिहिलं तर तू मध्येच तोंड घालशील. म्हणून इथून पुढे तू ‘ती’, आणि मी वरच्या मजल्यावरची म्हातारी. चुकलं तर चुकलं.

तर, ती एका मोठ्या इस्पितळाच्या तळघरात एक्स-रे काढायची. माणसाची छाती थंडगार पाटीला टेकवायची, हनुवटी वर, खांदे पुढे. मग आपण काचेआडच्या खोलीत जायचं आणि माइकवर म्हणायचं, “मोठा श्वास घ्या. रोखून धरा. हलू नका.” खट्. “सोडा.” अर्धं आयुष्य यातच गेलं. शहरातल्या निम्म्या फासळ्यांना तिचा आवाज पाठ होता. बाजारात ती नुसतं “अहो” म्हणाली तरी पुढचा माणूस ताठ उभा राहायचा. तिचं खरं नाव पगारापुरतं. एरवी ती हलू-नका बाई.

तिच्यापुढे हललेलं माणूस एकच, वरच्या मजल्यावरची म्हातारी. खोकला हटेना म्हणून गेली, आणि ‘रोखून धरा’ म्हटल्यावर “किती वेळ?” असं विचारून मोकळी झाली. फिल्मवर फासळ्यांच्या जागी नुसतं धुकं. बाई चिडली नाही. दुसरी फिल्म काढली, आणि पहिली उजेडासमोर धरून बघत राहिली.

“ही टाकू नका हं, काकू. सगळे मेल्यासारखे उभे राहतात. ही एकच जिवंत दिसतेय.”

घरी ती आणि तिचा धाकटा भाऊ. दोघांनीही लग्न केलं नाही, त्याचं दुःख नातेवाईक परस्पर करत होते. भाऊ लोखंडी कपाटांच्या कारखान्यात दिवसभर पत्रा ठोकायचा आणि संध्याकाळी बेस गिटार, ती जाड आवाजाची, घेऊन बसायचा. त्याला पंकचं वेड. पंक म्हणजे काय, असं तिने एकदा विचारलं.

“वाजवता येवो न येवो, म्हणायचं ते जोरात म्हणायचं,” तो म्हणाला. “तुला जमेल, ताई. दिवसभर जगाला गप्प करतेस, त्याचं उट्टं निघेल.”

तिला जमलं. ती शब्द लिहायची, तो चाली बांधायचा. एक्स-रेच्या रांगेत ताटकळलेली माणसं एके दिवशी ‘हलू नका’ ऐकायचं नाकारतात आणि अख्खं इस्पितळ हलवून सोडतात, असं गाण्यांचं नाटक. गायची तीच. वॉर्डातली सिस्टर गिटारवर, रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर ड्रमवर, अंगात सगळ्यांच्या एक्स-रेच्या खोलीतले बाद झालेले शिशाचे एप्रन. इस्पितळाच्या जुन्या धोबीखान्यात त्यांनी तीन प्रयोग केले. तिसऱ्याला रखवालदार दार सोडून नाचायला आत आला. पुढे धोबीखाना पाडून तिथे गाड्या उभ्या राहायला लागल्या. झालं ते झालं, असं म्हणून तिने एप्रन खुंटीला लावला.

मग एका सकाळी ती आंघोळ करून आली तर स्वयंपाकघरात जळका वास. चहाची किटली कोरडी होऊन काळीठिक्कर पडलेली आणि शेजारीच भाऊ पेपर वाचत बसलेला.

“शिट्टी ऐकू नाही आली?”

“वाजली का?”

त्याला ते बरेच महिने माहीत होतं. कारखान्याने कान खाल्ले होते. आधी बारीक आवाज जातात, मग हळूहळू सगळेच, असं कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. “जाड आवाज येतात अजून,” तो म्हणाला. “बेसवाल्याला आणखी काय लागतं?”

तो हसला, ती हसली नाही. त्याच्या चाली कुठेच उतरवून ठेवलेल्या नव्हत्या. वाजवताना त्याने त्या ऐकल्या, पण ते ऐकणं म्हणजे स्वयंपाक करणाऱ्याने चव बघणं. एकदा त्याला खुर्चीत बसून, हात रिकामे ठेवून, सगळं सलग ऐकायला मिळालं पाहिजे, आणि तेही कान आहेत तोवर. एवढंच तिने ठरवलं.

म्हणजे रेकॉर्ड काढायला हवी. पण स्टुडिओचं भाडं तिच्या पगारात बसणारं नव्हतं, आणि मागण्याची सवय तर बिलकुल नाही. ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यातली ती. वरच्या म्हातारीकडे आली, मासिक परत केलं, चहा प्यायली, हवेबद्दल बोलली, गेली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी म्हातारीचा संयम संपला. मुळात होताच किती?

“पैसे हवेत ना? मग तोंड उघड की! लोकांना गप्प करायचा पगार मिळतो तुला, स्वतः गप्प बसायचा नाही.”

“मागायला लाज वाटते, काकू.”

“मग मागू नकोस. काहीतरी वीक.”

विकायला होतं काय? खूप विचार केल्यावर तिला शेवटचं गाणं आठवलं. त्यात एका जागी सगळी वाद्यं थांबतात आणि अख्खी रांग एका आवाजात ओरडते, “सोडा!” ती आरोळी तिने विकायला काढली. जो काही देईल, थोडं की फार, त्याने रेकॉर्डवर ओरडायचं.

आणि माणसं तुटून पडली. बरगडी मोडलेले, खांदा निखळलेले, बिलं भरून वैतागलेले, सगळ्यांना कुठेतरी ओरडायचंच होतं. हाडांचे डॉक्टर तळघरात खाली आले. “मी जास्त दिले तर दोनदा ओरडू द्याल?”

“तुम्ही तसेही फुकट ओरडता, डॉक्टर,” ती म्हणाली. तेव्हापासून तिला मागायची लाज वाटली नाही.

स्टुडिओ एका दिवसापुरता मिळाला. संध्याकाळपर्यंत गाणी झाली, भाऊ वाद्यं गाडीत भरायला गेला. राहिली फक्त आरोळी. देणारे सगळे आत दाटीवाटीने उभे, दोघे कुबड्यांवर, पुढे खुर्चीत म्हातारी. बाहेर कुठल्याशा जाहिरातवाल्यांची मंडळी पुढची पाळी म्हणून घड्याळ बघत होती. रेकॉर्डिंगवाल्याने बजावलं, “एकदाच होईल हं, मॅडम. खूण तुम्हीच करा.” त्याने तिला काचेआडच्या खोलीत बसवलं. पुढ्यात माइक, बोटाखाली बटण, काचेपलीकडे वर हनुवटी करून बघणारी माणसं.

आता सांगा, काय होणार? जित्याची खोड. तिला म्हणायचं होतं, “मोठा श्वास घ्या आणि ओरडा!” बटण दाबलं आणि ती म्हणाली,

“मोठा श्वास घ्या. रोखून धरा. हलू नका.”

आणि त्या भरल्या खोलीत एकही माणूस हललं नाही. खांदे पुढे, छात्या फुगलेल्या. कुबड्याही वाजल्या नाहीत. म्हातारीनेसुद्धा, देव जाणे कसा, श्वास धरला. रेकॉर्डिंग चालूच. बाईच्या लक्षात आलं तसा तिने तोंडावर हात मारून घेतला, आणि पुढचं ‘सोडा’ तिच्या तोंडातच राहिलं. डॉक्टर लाल झाले, मग जांभळे. शेवटी ते फुटले आणि त्यांच्यामागून सगळ्यांचा श्वास एकदम सुटला. वारा यावा तसा.

“वेळ संपली,” रेकॉर्डिंगवाला म्हणाला.

ती बाहेर येऊन रडकुंडीला आली. “तुम्ही ओरडण्याचे पैसे दिले होते. मी परत करते सगळ्यांचे.”

“गेल्या कित्येक वर्षांत मी पहिल्यांदाच गप्प बसलो,” डॉक्टर म्हणाले. “आमच्या बायकोला कळलं तर ती आणखी देईल.”

कुणीच परत घेतले नाहीत. श्वास तसाच रेकॉर्डवर राहिला, आणि भावाला तो रेकॉर्डवरच ऐकू द्यायचा असं ठरलं.

रेकॉर्ड आली तेव्हा भावाचा डावा कान गेला होता, उजवा तग धरून होता. तिने त्याला उजवा कान स्पीकरकडे करून खुर्चीत बसवलं. हातात काही दिलं नाही, चहाचा कपसुद्धा नाही. तो एकेका गाण्याला मान हलवत होता. स्वतःच्या एका चुकीवर खो खो हसला. मग शेवटचं गाणं, वाद्यं थांबली, आणि ती आणि ऐकायला आलेली म्हातारी एकमेकींकडे बघून हसल्या.

“इथे काय आहे?” त्याने विचारलं. “बंद पडली का?”

बारीक आवाज आधी जातात, हे ती विसरलीच होती. तिने त्याचा हात घेऊन उलगडला आणि तळव्यावर हळूच, लांबवर फुंकर घातली.

“सगळ्यांची?” त्याने विचारलं.

“सगळ्यांची.”

“परत लाव.” या वेळी त्या जागी त्याने हात आधीच पुढे केला.

तर बये, इतकंच. रेकॉर्ड कोऱ्या पांढऱ्या पाकिटातून लोकांकडे गेली. त्यावर तुला माझी ती हललेली फिल्म छापायची होती. ती आहे कपाटावर, जुन्या पेट्यांच्या मागे. माझा हात पोचत नाही, स्टूल डगमगतं. “रविवारी येते, स्टूल धरते, तुम्ही चढा,” असं तू म्हणाली होतीस. त्या रविवारी तुला ड्युटी लागली, पुढच्या रविवारी मला ताप, मग तुमचं सामान बांधणं निघालं. फिल्म तिथेच आहे. स्टूलही.