आभाळातली गाठ

ब्रह्मदेवानं विश्व घडवल्यावर ते तपासायला कुणी माणूस ठेवला असता, तर ती नोकरी आमच्या सासऱ्यांनाच मिळाली असती. आणि त्यांनी निम्मं विश्व परत पाठवलं असतं! भवानी पेठेतल्या एका कारखान्यात त्यांनी जन्मभर टॉवेल तपासले. डोळे मिटून कापडावरून हात फिरवायचे आणि सुतातली गाठ बरोबर बोटाखाली धरायचे. घरीही हात स्वस्थ नाहीत. भाकरी चाचपतील, उशीचा अभ्रा चाचपतील. एकदा सात रस्त्यावर एका अनोळखी गृहस्थाची बाही धरून "हितं दोरा सुटलाय की," म्हणाले. तो बिचारा खिसा सांभाळत पळाला.

अशा माणसाच्या मुलीला मागणी घालायला मी गेलो, आणि मी तर बोलताना अडखळतो. स्वतःच्या नावावरच अडकलो. सासऱ्यांनी शांतपणे चहा संपवून मध्यस्थाला निकाल सांगितला, "माल चांगला हाय, पण गाठ हाय." लेकीनं हट्टानं माझ्याशीच लग्न केलं. पण पुढं बारा वर्षं मी वाक्य सुरू केलं, की मामा, म्हणजे सासरे, ते माझ्या तोंडातून काढून घेऊन स्वतःच पुरं करायचे. फार लागायचं मला ते.

निवृत्तीनंतर एका रणरणत्या दुपारी ते वाचनालयातल्या व्याख्यानाला जाऊन बसले, तिथले पंखे चांगले म्हणून. विषय होता, दीर्घिका, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचे समूह, कशा तयार झाल्या. सुरुवातीला वायू सगळीकडे जवळजवळ सारखाच पसरलेला, पण कुठं कुठं केसभर दाट. त्या दाट जागांनी आजूबाजूचा वायू ओढून घेतला आणि जमत जमत तारे झाले, दीर्घिका झाल्या. सगळं अगदी एकसारखं असतं, तर काहीच झालं नसतं. हे ऐकून मामा आठ दिवस धड जेवले नाहीत. वक्त्याला दोनदा गाठून त्यांनी खात्री करून घेतली.

मग एका सकाळी शेंगाचटणीची पुडी घेऊन ते आमच्या दारात उभे.

"जावईबापू, आभाळातबी गाठ होती, म्हणून आपण हाय. माझंच तपासणं चुकलं."

मी काही बोलायला गेलो आणि 'मामा'वरच अडकलो. त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. पायरीवर बसून राहिले. बारा वर्षांचा राग माझ्या मनातून तिथंच गेला.

आता त्यांची बोटं बधिर झालीत, गाठ लागत नाही. संध्याकाळी मी त्यांना दीर्घिकांविषयी वाचून दाखवतो आणि नेमका त्याच शब्दावर अडखळतो. बायको आतून जेवायला हाका मारते. मामा हात वर करून तिला थांबवतात.

"थांब की जरा. दीर्घिका व्हायलीय."