नुसतं बसायचं

बेलवलीतल्या दवाखान्याच्या वरच्या खोलीत दर रविवारी आम्ही कामाने थकलेले लोक गोल बसून स्वतःचं कौतुक करायला शिकतो. अंबरनाथच्या केमिकल कंपनीतला एक सुपरवायझर मात्र सगळ्यांच्या आधी येऊन खुर्च्या मांडतो आणि चहाही तोच वाटतो. बोलायची पाळी आली की म्हणतो, "माझं काय, पुढच्यांचं घ्या."

परवा समुपदेशक मॅडमनी फर्मान काढलं, "आज तुम्ही कशालाही हात लावायचा नाही. नुसतं बसायचं."

तो खुर्चीच्या कडा घट्ट धरून बसला. इतक्यात उल्हासनगरच्या कापडवाल्या भाभींचा चहा सांडला. ओघळ त्याच्या बुटांपर्यंत आला, तरी तो हलला नाही. कपाळावर मात्र घाम जमला होता.

"वा भाईसाब, पास झालात!" भाभी म्हणाल्या. कुणी हसलं नाही.

"काय वाटतंय?" मॅडमनी विचारलं.

"मॅडम, काम नाही केलं तर मला इथे ठेवाल कशाला?"

आत्मसन्मानावर तासभर बोलू शकणाऱ्या मॅडमनी स्वतःच फडकं घेतलं आणि फरशी पुसायला वाकल्या. तो ताडकन उठला.

"नको ना मॅडम," हात जोडून तो म्हणाला, "मी पुसतो, एक चान्स द्या."