शर्यतीच्या वाटेवर सडा

मोटारींच्या शर्यतीत कोण जिंकतं याच्याशी माझ्या आत्याला काडीचंही देणंघेणं नव्हतं. तिला एवढंच हवं होतं, की मुंबईत बसलेल्या तिच्या विहिणीनं आमच्या गावची डांबरी सडक एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी.

आतेबहीण लग्न होऊन परळला गेली होती. जावई गोदीत नोकरीला. तिला सहावा महिना लागला होता, आणि पहिलं बाळंतपण माहेरी हा रिवाज आमच्याकडे कुठल्याही सरकारी नियमापेक्षा कडक. पण विहीणबाई पाठवायला तयार नव्हत्या. लग्न मुंबईतच झालं असल्यामुळे त्यांनी आमचं गाव किन्हीराजा कधी पाहिलं नव्हतं, आणि न पाहिलेल्या गावाबद्दल माणसाची मतं जितकी पक्की असतात तितकी त्यांची होती. तिकडे रस्ता नाही, नाल्याला पूर आला की गाव तुटतं, पोरीला कळा सुरू झाल्या तर बैलगाडीत घालून नेणार का, असं विहीणबाई जावयाकडून लिहवून पाठवत. आत्याला लिहिता येत नव्हतं. मी गावच्या शाळेत मास्तर होतो, त्यामुळे तिच्या वतीनं उत्तरं मी लिहायचो. घरापुढूनच पक्की सडक जाते हे मी तीन पत्रांत लिहिलं. विहीणबाईंचा पत्रांवर विश्वास बसेना. त्यांचा विश्वास टीव्हीवर होता. त्यांच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावरच्या एका बिऱ्हाडात तो नुकताच आला होता.

आणीबाणी उठल्यानंतरचा तो हिवाळा. आमचं वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं आणि टीव्ही फक्त मुंबईकडच्या गप्पांत. अशात सायकल दुकानवाल्यानं बातमी आणली, की मुंबईहून नागपूरकडे मोटारींची शर्यत निघते आहे, ती आपल्याच सडकेनं जाणार आहे आणि नाल्याजवळच्या वळणावर टीव्हीवाले चित्रण करणार आहेत.

हा सायकल दुकानवाला गावातला शर्यतीचा एकमेव जाणकार. मोटार त्याच्या सात पिढ्यांत कुणाची नव्हती, पण पेपरातून कापलेली शर्यतीच्या गाड्यांची चित्रं त्यानं दुकानाच्या फळीवर खळीनं डकवली होती. पाच नंबरच्या गाडीचा ड्रायव्हर त्याचं दैवत. टायरचं पंक्चर काढताना तो गिऱ्हाइकाला त्याच्या पराक्रमाच्या गोष्टी सांगे. गिऱ्हाइकाची ट्यूब पाण्यात असल्यामुळे त्याला ऐकावं लागे.

आत्यानं त्याला विचारलं, "टीव्हीत सडक दिसन का रे?"

"सडकच दिसते मावशी. गाडी काय, आली अन् गेली."

"अन् मुंबईले दिसन?"

"मुंबईलेच दिसन. आपल्याले नाही दिसत."

"आपल्याले काय करायचं हाय? आपून तर पाह्यलेली हाय," आत्या म्हणाली.

इथं आमच्या वस्तीबद्दल थोडं सांगायला हवं. गावानं आमच्या पूर्वजांना गावाबाहेर ठेवलं होतं. पुढे सडक आली ती गावाबाहेरूनच. त्यामुळे सडकेला लागून पहिलं घर आत्याचं, आणि वळण तिच्या ओट्यावरून पुरतं दिसायचं. एरवी आमच्या वस्तीकडे मतांपुरते येणारे सरपंच शर्यतीच्या आधी आठवडाभर रोज येऊ लागले. मांडव टाकायला जागा तिथंच होती. आत्याच्या ओट्यावर बसून त्यांनी पहिल्यांदा आमच्या घरचा चहा घेतला. बशीत ओतून, दोन वेळा घेतला.

सत्काराशिवाय कुठलीही गोष्ट घडू शकते यावर आमच्या सरपंचांचा विश्वास नव्हता. त्यांनी हार मागवले, नारळ मागवले, मला फलक रंगवायला लावला. मजकुरात गावाच्या नावापेक्षा त्यांच्या नावाची अक्षरं मोठी होती. शर्यतीचे लोक आदल्या दिवशी येऊन वळणावर बाणाची पाटी रोवून गेले. गाड्या फार जोरात येतात, सडकेवर कुणी यायचं नाही, असं त्यांनी बजावलं. सरपंच म्हणाले, "बेफिकीर राहा. आमी सगळी तयारी ठेवतो."

ती तयारी सकाळी झाली. पाहुणे दारावरून जाणार म्हटल्यावर बायांना कुणी सांगावं लागलं नाही. सरपंचांनी फक्त दोन बैलगाड्या शेण पाठवलं. दिवस उगवायच्या सुमारास वस्तीतल्या आणि गावातल्या बायांनी मिळून मांडवापासून वळणापर्यंतच्या सडकेवर शेणाचा सडा टाकला, त्यावर रांगोळ्या काढल्या. आत्याच्या दारासमोरचा सडा सगळ्यांत दाट. सडा कसला, सारवणच ते. मी फलक बांधत होतो. माझ्याही काही लक्षात आलं नाही. सगळं आटोपून खाली पाहिलं तेव्हा उजेडात आमची काळीभोर डांबरी सडक चांगली शंभर पावलं हिरवट पिवळी, अंगणासारखी दिसत होती.

"आत्या," मी म्हटलं, "सडक दाखवायची होती ना तुला?"

तिनं हातातली बादली खाली ठेवली. सडकेकडे पाहिलं. मग माझ्यावरच उखडली.

"मंग आधी काहून नाही बोलला? तोंडात काय सुतळी धरली व्हती?"

"सुतळीच धरली होती. फलक बांधत होतो."

"पाहुणे दारातून जाऊन राह्यले अन् सडा नाही टाकाचा? लोक काय म्हणतीन? धू आता पाण्यानं!"

धुवायला विहिरीवरून पाणी आणेपर्यंत वेळ नव्हता, आणि सरपंच धुवू देणार नव्हते. एवढ्यात पांढरी रुग्णवाहिका आली आणि आत्याच्या घराला लागून उभी राहिली. वळण धोक्याचं म्हणून शर्यतवाल्यांनी ती तिथं ठेवली होती. आत एक तरुण डॉक्टर होता. सकाळपासून त्याच्या पोटात काही नव्हतं. आत्यानं त्याला ज्वारीची भाकर आणि ठेचा दिला. ठेच्यानं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. शर्यतीतला तो पहिला आणि शेवटचा रुग्ण. खांद्यावर कॅमेरा घेतलेला माणूस समोरच्या बांधावर चढला होता.

दहाच्या सुमारास पहिली गाडी लांबून येताना दिसली. ती एकटीच. आमच्या लोकांना शंकरपटाची सवय. तिथं दोन बैलजोड्या एकदम सुटतात, कोण पुढे कोण मागे ते सगळ्यांना दिसतं. इथं मागे बघावं तर सडक रिकामी.

"याच्या मागं कोणीच नाही," एक म्हातारा म्हणाला. "मंग हा पळून कायले राह्यला?"

"घड्याळाशी शर्यत हाय बाबा," सायकल दुकानवाला म्हणाला.

"घड्याळ कुठं हाय?"

"त्याच्या मनगटावर."

"म्हंजे तो सोबतच घेऊन पळून राह्यला? मंग हारन कसा?"

तेवढ्यात गाडी सड्यावर आली. तिचं मागचं अंग पुढे आलं, पुढचं मागे गेलं, आणि दोन गिरक्या घेऊन ती तोंड मुंबईकडे करून मांडवासमोर उभी राहिली. मग जो जल्लोष झाला तो मी कुठल्याच शंकरपटात ऐकलेला नाही. लोकांना वाटलं, शर्यत म्हणजे हेच. नाहीतर एवढा खर्च कोण कशाला करेल?

ड्रायव्हर खाली उतरला आणि हात नाचवत इंग्रजीत ओरडू लागला. सरपंचांनी त्याचं बोलणं संपेपर्यंत अदबीनं ऐकलं, टाळ्या वाजवल्या आणि त्याच्या गळ्यात हार घातला. पोरांनी गाडी ढकलून नागपूरकडे वळवली. मागून येणाऱ्या गाड्यांना बाया हातवारे करून हळू व्हायला लावू लागल्या, आणि हळू झालेल्या प्रत्येक गाडीला हार मिळाला. पाच नंबरची गाडी आली तेव्हा सायकल दुकानवाला तिला आडवाच गेला. आपलं दैवत बिनहाराचं गेलं तर तोंड कुठं दाखवायचं? त्यानं हार घातला, नारळ फोडला, खोबरं वाटलं आणि ड्रायव्हरचा हात हातात घेऊन त्याला पेपरातली त्याचीच माहिती सांगितली. तो सोडतोय तोवर मागच्या दोन गाड्या पुढे निघून गेल्या. पुढे कित्येक महिने पाच नंबर हरण्याची कारणं तो गिऱ्हाइकांना समजावत असे. त्यात इंजिन होतं, टायर होते, पेट्रोल होतं. हार नव्हता.

या गडबडीत आत्या मात्र तोंड पाडून रुग्णवाहिकेच्या दाराला हात टेकून उभी होती. सडक शेणाखाली गेली होती आणि कॅमेरा चालू होता. "गेली माही पोरगी," एवढंच ती म्हणाली.

पंधरा दिवसांनी आतेबहिणीचं पत्र आलं. मी ओट्यावर बसून वाचून दाखवलं. अख्खी चाळ त्या बिऱ्हाडात जमली होती. आमचं गाव अर्धं मिनिट दिसलं. टीव्हीवरचा माणूस म्हणाला, की ग्रामीण भागातल्या कच्च्या, निसरड्या रस्त्यांनी स्पर्धकांची कसोटी पाहिली.

"कच्च्या?" आत्या म्हणाली.

"तसंच लिहिलं आहे."

"मायले त्याच्या! डांबर त्याच्या बापानं टाकलं व्हतं का? पुढं वाच."

पुढे असं होतं, की सासूबाई लगेच म्हणाल्या, बघा, मी सांगत नव्हते, मातीचा रस्ता आहे. मग एकदम त्या टीव्हीच्या जवळ जाऊन बसल्या. 'आई, तू पांढऱ्या गाडीला टेकून उभी होतीस. सासूबाईंनी विचारलं, ही तुझी आई ना? मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, दारात दवाखान्याची गाडी उभी असते, आत डॉक्टर बसलेला असतो, हे तुझ्या घरच्यांनी कधी सांगितलं नाही. आमच्याकडे फोन करून दोन तास येत नाही. त्या पाठवायला तयार आहेत. स्वतः सोडायला येणार आहेत.'

आत्यानं पत्र माझ्या हातातून घेतलं आणि न येणारी अक्षरं बराच वेळ पाहिली.

"लिव," ती म्हणाली. "लवकर या म्हना."

"आत्या, ती गाडी आपली नाही."

"म्या कुठं म्हटलं आपली? गाडी पाह्यली ते बरं झालं, एवढं लिव. खोटं हाय का त्यात काही?"

मी बारकाईनं पाहिलं. खोटं काही नव्हतं. लिहिलं.

आठव्या महिन्याच्या तोंडावर दोघी एसटीनं आल्या. आत्यानं आधीच सांगून ठेवल्यामुळे कंडक्टरनं गाडी घरासमोरच थांबवली. आतेबहीण उतरली, आईच्या गळ्यात पडली आणि थेट माठाकडे गेली. विहीणबाई मागून उतरल्या. खाली पाहिलं, चपलेनं सडक घासून पाहिली.

"अहो, हा रस्ता तर डांबरी आहे!"

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. तीन पत्रांचा हिशेब त्या नजरेत चुकता झाला.

"मंग? मी काय सांगून राह्यली व्हती?"

विहीणबाईंनी वळणाकडे पाहिलं, मग सडकेच्या दुसऱ्या बाजूला पाहिलं, मग घराच्या मागेही डोकावून आल्या.

"आणि ती पांढरी गाडी?"

"गेली," आत्या त्यांच्या हातातली पिशवी घेत म्हणाली. "सडक चांगली हाय ना बाई. गाड्या थांबतच नाहीत."

आतून पोरीनं दुसरा तांब्या मागितला. आत्या पिशवी घेऊन आत गेली, आणि एसटीही निघून गेली. परतीची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी होती.