दिवसा सांगितलेला आराखडा

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मला कादंबरी लिहायची खाज सुटली. मी हिंगोलीत मास्तर होतो. निजामाचा अंमल, त्यामुळे शाळेला सुट्टी शुक्रवारी. माझ्याइतका कल्पक माणूस पंचक्रोशीत नाही, अशी माझी खात्री होती, तरी तीनदा सुरुवात करून तिन्ही वेळा चौथ्या प्रकरणात अडकलो. मग ठरवलं, आधी आराखडा करायचा. प्रकरणागणिक एक चिठ्ठी, आणि ती बायकोला वाचून दाखवायची. ती ज्वारी पाखडत बसे. सूप थांबलं तर प्रकरण जिवंत, चालूच राहिलं तर चिठ्ठी फाडायची. याहून चांगली रीत मला पुढे उभ्या आयुष्यात सापडली नाही.

दिवसाउजेडी ऐकायला मात्र ती नाखूश असे. "दिवसा गोष्ट सांगू न्हाई. लेकराचा मामा वाट चुकतो," म्हणायची. तिला सातवा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून त्या शुक्रवारी तिचा भाऊ पुसेगावहून बैलगाडी घेऊन येणार होता. एकुलता भाऊ, बाप लवकर गेला, तिला त्यानेच वाढवलेलं.

"ही गोष्ट कुठाय? नुसता सांगाडा," असं म्हणून मी सातवी चिठ्ठी वाचली. नायक बहिणीला आणायला निघतो, बैल एका चिंचेपाशी अडतात, तो खाली उतरतो, आणि गाडी रिकामीच बहिणीच्या दारी येते.

सूप थांबलं. मी खूश.

"मंग पुढं?"

"पुढचं अजून सुचलं नाही."

दुपार कलायच्या आत गाडी आली. बैल ओळखीच्या वाटेने आपसूक दाराशी येऊन उभे राहिले. आत तिच्यासाठी गोधडी अंथरलेली, फडक्यात भाकरी बांधलेल्या, आणि हाकणारा नाही. बैल शांतपणे रवंथ करत होते. शेजारचे दोघे त्याला शोधायला धावले. मीही निघालो, तर बायकोने मनगट धरून खाली बसवलं. ती रडत नव्हती.

"तुमी कुठं निघाले? पुढचं सांगा. सांगितल्याबिगर त्यो येनार कसा?"

मी शिकलेला माणूस. बोलाफुलाला गाठ पडली, असं म्हणायला तोंड उघडलं आणि तिच्याकडे बघून मिटलं. मग सांगत सुटलो. तो चिंचेखालून उठला, ओढ्याकडे वळला...

"वढ्याकडं न्हाई," ती म्हणाली.

बरं, ओढ्याकडे नाही, शेतांमधल्या पांदीने निघाला. घशाला कोरड पडली म्हणून मी दोनदा थांबलो, पाणी प्यालो, पुन्हा सांगू लागलो. शेवटी त्याला दारात आणून उभं केलं, तेव्हा अंगणात अजून ऊन होतं.

आणि तो आला. एकटाच, धुळीने माखलेला.

"बैल अडले म्हनून उतरलो," तो म्हणाला. "मंग काय झालं कळलंच न्हाई. कोनीतरी बोलून राहिलं व्हतं, त्या आवाजामागं चालत आलो. मधी दोनदा आवाज बंद पडला, तवा पाय उचलंना."

कोणाचा आवाज, हे बायकोने विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत बसण्याआधी तिने मला आराखडा शेवटपर्यंत पुरा करायला लावला. मीही हात राखला नाही. प्रवास सुखरूप, बाळंतपण सुखरूप, मुलगी झाली, बारसं झालं, कान टोचले, पोरीचं लग्नसुद्धा लावून टाकलं.

"समदं आलं ना?"

"सगळं आलं."

तसंच घडत गेलं. मुलगीच झाली. बारशाला मी जाऊन आलो, मेहुण्याने हसत हसत पेढा भरवला. पुढच्याच आठवड्यात सांगावा आला, तो चार दिवसांच्या तापात गेला.

मी पुसेगावला पोचलो तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. बायको लेकीला मांडीवर घेऊन भिंतीशी बसली होती. तिने वर पाहिलं.

"समद्यांचं सांगितलं तुमी," ती म्हणाली. "माझ्या भावाचं काहून न्हाई सांगितलं?"