पाळणा-बदली

पांढरा सूट चढवला की बाईचं नाव दाराबाहेर राहायचं. डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, हातात रबरी मोजे, पायात कापडी बूट. उरायचे ते फक्त दोन डोळे. खिशाला अडकवलेला नंबराचा बिल्ला सांगेल तीच ती बाई. चिप बनवण्याच्या त्या कारखान्यात धुळीच्या कणालाही मज्जाव होता, आणि धूळ म्हणजे माणूसच, असं सुपरवायझर रोज बजावायचा. "तुमचे केस, तुमची कातडी, तुमचा श्वास. तुम्ही आत येता ना, तीच सगळ्यात मोठी घाण." काचेच्या केबिनमध्ये बसून तो नुसती मान फिरवत सगळीकडे बघायचा, म्हणून बायकांनी त्याचं नाव ठेवलं होतं घुबड.

थोरलीला त्याचं बोलणं फारसं लागलं नाही. सासरच्या पहिल्या वर्षात तिने याहून तिखट पचवलं होतं.

थोरली म्हणजे घरातली मोठी सून. तिची जाऊ धाकटी, तीही त्याच खोलीत कामाला. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, एकाच छापखान्यात होते. छापखान्याला टाळं लागल्यापासून ते मिळेल ते ओझं उचलत, पण चूल पेटायची ती या दोघींच्या पगारावर. सासूबाई म्हणत, "आमच्याकडे कर्ते दोन आहेत, आणि दोघीही बांगड्या भरतात."

खोलीत पिवळा उजेड असायचा. चिपच्या चकत्यांवर नकाशा उमटवायचा तर पांढरा दिवा चालत नसे. सगळ्या जणी कावीळ झाल्यासारख्या दिसत. एका बाजूला धुण्याचं टेबल. सिलिकॉनच्या आरशासारख्या चकत्या चिमट्यात धरून द्रावणात बुडवायच्या, हलवायच्या, काढायच्या. त्या द्रावणाला गोडसर वास होता, पिकून उतरलेल्या फळासारखा. म्हणून ते गोडं टेबल. दुसऱ्या बाजूला मायक्रोस्कोपच्या तीन खुर्च्या. तिथे वास पोचत नसे. तिथे नुसते डोळे जायचे.

आपण काय बनवतो ते बायकांना पहिली दोन वर्षं माहीतच नव्हतं. मग एकदा घुबडाने कॅन्टीनमध्ये एक कॉम्प्युटर आणून टीव्हीला जोडला. लठ्ठ कीबोर्ड, आणि पडद्यावर उघडझाप करणारा हिरवा चौकोन.

"यात तुमच्या चिपा आहेत," तो अभिमानाने म्हणाला.

बायका बघत राहिल्या. चौकोन उघडझाप करत राहिला.

"पुढे काय करतो हा?"

"जे सांगाल ते."

"मग सांगा त्याला, भांडी घास म्हणावं," धाकटी म्हणाली. हसून हसून बायकांचे चहा सांडले. घुबडही हसला. धाकटीला वाटलं, माणूस वाईट नाही.

थोरली हसली नाही. त्याच आठवड्यात तिचं दुसरं गेलं होतं.

पहिलं गेलं तेव्हा कोणी काही म्हणालं नाही. पहिलटकरीण, होतं असं. पण मग गोड्या टेबलावरच्या एकेकीचं जायला लागलं. कोणाचं तिसऱ्या महिन्यात, कोणाचं चौथ्यात. बायका मुतारीत कुजबुजायच्या, बाहेर येऊन गप्प व्हायच्या. दुसऱ्या वेळी थोरली सरळ केबिनमध्ये गेली. "साहेब, मला दिवस आहेत. थोडे महिने दुसरीकडे बसवा."

"अभिनंदन," घुबड म्हणाला. "राजीनामा देऊन जा. नंतर या, जागा असली तर बघू."

तिने राजीनामा दिला नाही. आणि ते राहिलं नाही.

त्यानंतर तिनेच ती रीत काढली. ज्या खोलीत सगळ्या सारख्या दिसतात, तिथे कोण कुठे बसलंय हे बिल्ल्याशिवाय कळणार कसं? गोड्या टेबलावरच्या बाईला दिवस राहिले की कपडे बदलायच्या खोलीत तिने मायक्रोस्कोपवाल्या एकीशी बिल्ला बदलायचा. ती जाऊन मायक्रोस्कोपला बसायची, तिच्या जागी दुसरी. पोट लपेनासं होईपर्यंत. तो सूट इतका ढगळ की त्यात जुळीसुद्धा लपली असती. बायकांनी त्याला नाव दिलं पाळणा-बदली. तीन पोरं तशी जन्माला आली, धडधाकट.

थोरलीला मग सगळ्यांत जुनी म्हणून मायक्रोस्कोपची खुर्ची मिळाली. ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी दुसऱ्या खुर्चीत चष्मेवाली बसत होती, पाचव्या महिन्यातली. तिच्या बदली गोड्या टेबलावर उभी राहायची एक थोराड बाई. चार पोरांची आई, आता दुकान बंद, असं स्वतःच सांगायची. घुबडाला संशय नको म्हणून ती चष्मेवालीचा जुना चष्मा नाकावर चढवायची.

"दिसतं का गं काही?"

"धुकं दिसतं. पण धुक्यातही घुबड ओळखू येतं."

तिसऱ्या खुर्चीत घुबडाची मेहुणी. तिच्यापुढे बायका श्वाससुद्धा जपून घ्यायच्या.

एका संध्याकाळी जेवताना धाकटीने ताट बाजूला सारलं आणि लाजत सासूबाईंच्या कानात काहीतरी सांगितलं. सासूबाईंनी लगेच घर डोक्यावर घेतलं. दिराने पाण्याचा तांब्या लवंडला. थोरलीच्या नवऱ्याने धाकट्या भावाच्या पाठीत थाप मारली आणि बायकोकडे बघायचं टाळलं.

"मोठे," सासूबाई थोरलीला म्हणाल्या, "ते तुमचं बिल्ल्यांचं काय ते उद्यापासून कर. हिला त्या वासात एक दिवस ठेवायची नाही."

"करते."

एवढंच म्हणाली. कारण तिची स्वतःची पाळी चुकून बरेच दिवस झाले होते आणि तिने ते कोणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. दोनदा सांगून दोनदा परत घ्यावं लागलं होतं. न सांगितलेलं गेलं, तर निदान परत तरी घ्यावं लागत नाही.

देता येईल अशी खुर्ची एकच होती, तिची. भांडी विसळताना तिने सरळ हिशोब केला. माझ्यात टिकत नाही. हिच्यात टिकेल. मग खुर्ची कोणाची?

दुसऱ्या दिवशी तिने धाकटीचा बिल्ला लावला आणि गोड्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली.

आठवडाभर निभलं. मग एका सकाळी कपडे बदलायच्या खोलीत धाकटी तिच्या सुटाची पाठीमागची चेन ओढत होती. शेजारणीने हात धुतले. साबणाचा वास आला, आणि थोरलीने पटकन भिंतीकडे तोंड फिरवलं. खांदे दोनदा हलले. धाकटीचा हात चेनवरच थांबला.

"जाऊबाई."

"ओढ ना. उशीर होतोय."

"जाऊबाई, इकडे बघा."

"पित्त झालंय."

"मला पण सकाळी तसंच पित्त होतं," धाकटी म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "किती झाले?"

"हळू बोल."

"किती झाले, सांगा!"

"तुझ्या आधीचं आहे. बस? आता मास्क लाव."

धाकटी बाकावर बसलीच. "आणि तुम्ही त्या टेबलावर... द्या तो बिल्ला. माझा आहे तो."

"देत नाही."

"मग एक दिवस तुम्ही, एक दिवस मी."

"अर्धं अर्धं करायला ते सफरचंद आहे का गं? दोन्ही सडतील." थोरलीने तिचा मास्क स्वतःच्या हाताने वर ओढला, जरा जोरातच. "माझं राहत नाही हे मला माहीत आहे. तुझं राहू दे. रडू नकोस, चष्म्यावर वाफ धरेल."

"मी कुठे चष्मा लावते?"

"मग रड."

दोघींनाही हसू आलं. त्या हसण्यातच आत जायची शिट्टी झाली आणि दोघी आत गेल्या.

जेवणाच्या सुट्टीआधी थोरलीने मान वर केली तेव्हा मायक्रोस्कोपची खुर्ची रिकामी दिसली. तिने केबिनकडे पाहिलं. काचेपलीकडे धाकटी उभी होती, मास्क हनुवटीखाली, हात सारखे हलत होते. घुबड मान डोलावत ऐकत होता. त्याने तिला पाण्याचा ग्लास दिला. थोरलीच्या चिमट्यातली चकती द्रावणात सुटून पडली.

मग तिला बोलावणं आलं.

"या जाऊबाई," धाकटीचा चेहरा उजळलेला होता. "मी साहेबांना सगळं समजावून सांगितलं. तुम्हालाही दिवस आहेत, दोघींना काही महिने दुसरीकडे द्या म्हटलं. साहेबांना आधी वाटलं, आपण फसवलं. मी म्हटलं, साहेब, आम्ही काही वेगळं केलेलं नाही. इथे सगळ्याच करतात. विचारा हवं तर."

थोरलीने तिच्याकडे पाहिलं नाही. तिने घुबडाकडे पाहिलं.

"कोण कोण करतं?" घुबडाने अगदी मऊ आवाजात विचारलं.

"मला माझं माहीत आहे, साहेब," थोरली म्हणाली. "रीत मी काढली. मला काढा."

"तुम्ही बसा. उभं राहणं बरं नाही अशा वेळी."

तो उठला. भिंतीवरच्या माइकचं बटण दाबलं. ज्या खोलीत खोकणाऱ्या बाईला तो बाहेर काढायचा, त्या खोलीत त्याचा आवाज घुमला: "सगळ्यांनी जागच्या जागी उभं राहायचं. मास्क खाली. टोपी काढा."

 मग एकेक चेहरा उघडा पडला. त्या खोलीत आजवर कोणी कोणाचं तोंड पाहिलं नव्हतं. पिवळ्या उजेडात, टोपीने दबलेले केस, मास्कचे वळ उठलेले गाल. गोड्या टेबलावर थोराड बाई, नाकावर दुसरीचा चष्मा. मायक्रोस्कोपपाशी चष्मेवाली. तिने दोन्ही हात पोटावर नेले होते, जणू तेही कोणी उघडं करायला सांगेल.

"वा," घुबड म्हणाला, आणि केबिनबाहेर जाऊन एकेकीचा बिल्ला तिच्या तोंडाशी ताडून बघू लागला.

धाकटी हळूच म्हणाली, "त्यांना काही करणार नाहीत ना हो? मी फक्त तुमच्यासाठी..."

"माहीत आहे," थोरली म्हणाली.

दोघींना त्याच दिवशी काढलं. बाकीच्यांना काढलं नाही. एवढे शिकलेले हात एकदम आणायचे कुठून? सुटांच्या पाठीवर मोठे नंबर शिवले आणि जी ज्या टेबलाची होती ती त्या टेबलावर परत गेली.

घरी चूल मंदावली. दीर रात्रपाळीचा पहारेकरी झाला, थोरलीचा नवरा पहाटे बाजारात पोती उतरवायला जाऊ लागला. सासूबाई दोन्ही सुनांना आळीपाळीने शिव्या आणि दूध देत होत्या. "दोघी एकदम घरात बसल्यात राण्या. प्या आता." थोरली रोज सकाळी उठायची ती आधी अंथरूण तपासायची. चादर कोरडी असायची. तिसरा महिना सरला, चौथा सरला. पाचव्यात पोटात काहीतरी हललं, तेव्हा ती मोरीत एकटी उभी होती. भिंतीला धरून ती बराच वेळ तशीच राहिली. ते टिकणार होतं. कारखान्यात टिकलं नसतं, हेही तिला तितकंच कळत होतं.

सातव्यात दारावर थाप पडली. दार उघडलं तर चष्मेवाली. हातात कापडी पिशवी.

"तुमच्या दोघींच्या चपला. कपाटात राहिल्या होत्या."

थोरलीची नजर आपसूक तिच्या पोटाकडे गेली. साडी सपाट बसली होती. तिचे महिने भरून मूल झालेलं असेल, असं वाटावं इतके दिवस गेले होते. थोरलीला तेच वाटून घ्यायचं होतं.

"काय झालं? मुलगा की..."

"परत गेले त्या टेबलावर, पुढच्याच महिन्यात गेलं," चष्मेवाली म्हणाली. "मुलगा होता. सहाव्यातला कळतो."

थोरली दारातून बाजूला झाली. "आत ये. बस जरा."

"दिवसभर उभीच असते, आता बसलं की उठवत नाही." ती थोरलीच्या पोटाकडे बघत होती. बघण्यात राग नव्हता, तेच अवघड होतं. मायक्रोस्कोपमधून चकतीवरचा दोष शोधावा तसं ती निरखत होती. "हलतं का?"

"हो."

"लाथा मारतं?"

"मारतं."

"मारू दे."

"ऐक, त्या दिवशी तिने..." थोरलीने आवाज खाली आणला. "तिला कळत नव्हतं गं ती काय बोलतेय. सगळ्याच करतात म्हणाली, ते आम्हाला वाचवायला."

"म्हणजे तिच्या तोंडून गेलं." चष्मेवालीने मान हलवली. "आम्हाला वाटलं तू सांगितलंस. तुला स्वतःला दिवस होते ना, म्हणून. सगळ्या तेच धरून आहेत."

 आतून धाकटीचं गुणगुणणं ऐकू येत होतं. ती जुन्या साड्यांची दुपटी शिवत होती.

"तसंच धरून असू देत," थोरली म्हणाली.

चष्मेवालीने तिच्याकडे नीट पाहिलं. मग पिशवी उंबऱ्यावर ठेवली. "नवीन लग्न झालेली एक पोर आलीये कामाला. मी साहेबांना म्हटलं, तिला मायक्रोस्कोपला लावा, गोडं टेबल मला कायमचं द्या. मला काय आता." ती वळली, पुन्हा थांबली. "मी परत येणार नाही हं. तुझं झाल्यावर बघायला वगैरे. वाईट वाटून घेऊ नकोस."

"नाही."

ती गल्लीच्या वळणापर्यंत गेली तरी थोरली दारातच उभी होती.

"जाऊबाई, कोण होतं हो?" आतून हाक आली.

"कारखान्यातली. चपला घेऊन आली होती आपल्या."

धाकटी दोरा दातांनी तोडत बाहेर आली, पोटावर हात ठेवून. पिशवीत डोकावून ती हरखली. "अगंबाई, पुसून आणल्यात! बघा, किती जीव लावतात अजून. चष्मेवाली कशी आहे, विचारलंत का? तिला तर आता झालंही असेल."

"विचारलं."

"मग?"

थोरलीने पिशवी उचलली आणि दार लावलं.

"बरी आहे म्हणाली," ती म्हणाली. "तू सुई ठेव आधी खाली. टोचेल कुठेतरी."